मोटारीतील जळका वास : कारणे व उपाय

मोटारगाडीतून जाताना जळका वास आला, तर तो गाडीने दिलेला इशारा समजावा. धूर डोळ्यांस दिसण्यापूर्वी पुष्कळदा नाकच आधी बातमी देते. गाडीत आपली मुलेबाळे व वडीलधारी मंडळी बसलेली असतात. म्हणून हा विषय एकट्या मिस्त्रीचा नव्हे, गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

प्रथम काय करावे? गाडी रस्त्याच्या कडेस सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व सर्वांना खाली उतरवून दूर न्यावे. बॉनेटच्या फटींतून धूर वा ज्वाळा येत असतील तर बॉनेट मुळीच उघडू नये. उघडताच आत हवा शिरते व आग भडकते. अशा वेळी ११२ क्रमांकावर मदत मागावी. विजेवर चालणाऱ्या गाडीत वास आला तर स्वतः तपासणी करण्याच्या भरीस न पडता दूर व्हावे, हेच शहाणपणाचे.

धूर नसेल तर तीन प्रश्न विचारावेत : वास कशासारखा आहे? तो केव्हा आला? गाडीच्या कोणत्या बाजूस अधिक आहे? वासाची जात ओळखली की निम्मे निदान झाले.

१. प्लॅस्टिक जळाल्याचा वास : वायर तापली असण्याचा संभव असतो. असे झाल्यास गाडी पुन्हा चालू करू नये. येत असल्यास बॅटरीची ऋण तार आधी सोडवावी. फ्यूज उडाला म्हणून अधिक अँपिअरचा बसविणे हा मोठाच धोका आहे. तारेतील उष्णता विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट! १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज बसविला, तर फ्यूज शाबूत राहील व तारच जळेल. उंदरांनी कुरतडलेल्या तारा हेही एक नेहमीचे कारण आहे. मात्र रस्त्यावरची प्लॅस्टिकची पिशवी तापलेल्या सायलेन्सरच्या नळीस चिकटली तरी असाच वास येतो. ती नळी निवल्यावर खरवडून काढावी.

२. रबराचा वास व किंचाळण्यासारखा आवाज : इंजिनाचा पट्टा घसरत आहे. तो ढिला असेल तर ताणून घ्यावा, चिरा पडल्या असतील तर बदलावा. पट्ट्याने फिरणारी एखादी कप्पी अडकली आहे काय, हेही पाहावे. नाहीतर नवा पट्टाही जळेल.

३. तेलाचा वास : इंजिनाचे तेल गळून तापलेल्या नळीवर पडते. तेल भरताना सांडले असेल तर वास थोड्या वेळाने जातो. पुन्हापुन्हा आला तर इंजिनावरील झाकणाचे गॅस्केट तपासून घ्यावे व तेलाची पातळी पाहावी.

४. गोडसर वास : रेडिएटरमधील कूलंट गळत आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, उकळते पाणी अंगावर उसळते. कूलंट विषारी असते. सांडलेले मुलांच्या व जनावरांच्या वाटेत राहू देऊ नये.

५. जळक्या कागदासारखा वास : क्लचप्लेट घासत आहे. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवल्यास असे होते. इंजिनाचा वेग वाढूनही गाडी पुढे ओढत नसेल, तर प्लेट झिजली असे समजावे. ती बदलण्यावाचून इलाज नाही.

६. चाकांपाशी उग्र वास : हे ब्रेकचे काम. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. हजार किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली येते तेव्हा निघणारी ऊर्जा सुमारे १५ लिटर साधे पाणी उकळीस आणण्याइतकी असते. सारा भार ब्रेकवर टाकला तर ते तापतात. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. असे जुने तेल लवकर उकळते, त्यात वाफ होते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरावे. वास आल्यास थांबून, गिअर टाकून चाकाखाली दगड लावावा व ब्रेक आपोआप निवू द्यावेत. पाणी ओतू नये. चाकाजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णता पाहावी. एकच चाक तापले असेल तर त्याचा ब्रेक अडकला आहे. तो मोकळा करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हातब्रेक अर्धवट ओढलेला राहिला काय, हेही पाहावे.

गॅरेजमध्ये गेल्यावर "वास येतो" एवढेच सांगून थांबू नये. कसला, केव्हा व कोठे, हे नीट सांगावे. त्याने मिस्त्रीचा वेळ वाचतो आणि आपले पैसे. लग्नकार्यास वा जत्रा-उरुसास निघताना मुहूर्त चुकेल म्हणून वासाकडे दुर्लक्ष करण्याचा मोह होतो. परंतु उशिरा पोहोचलेल्या पाहुण्यास पान वाढता येते, हे विसरू नये.