झ्यूसने आपला मुलगा का वाचवला नाही?

प्रश्न : ग्रीक पुराणकथांत देव माणसांच्या मनात राग भरतात, प्रेम जागवतात, युद्धं पेटवतात. मग देवांचा राजा झ्यूस याला ट्रॉयच्या रणांगणावर स्वतःचा मुलगा का वाचवता आला नाही? आणि सगळं देवच घडवत असतील, तर त्याचे भोग माणसाच्या वाट्याला का?

उत्तर : हे खरं तर दोन प्रश्न आहेत. एकाचं उत्तर स्वर्गातल्या भाऊबंदकीत आहे, दुसऱ्याचं माणसांच्या व्यवहारात. आधी भाऊबंदकी पाहू.

तुम्ही म्हणता तो मुलगा म्हणजे सार्पेडन. आई मानवी, बाप झ्यूस. लिसियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या सैन्याचा हा म्होरक्या ट्रॉयच्या बाजूने लढायला आला होता. होमरच्या ‘इलियड’मध्ये सोळाव्या सर्गात ग्रीकांच्या बाजूचा पॅट्रोक्लस त्याच्यावर चाल करून येतो, तेव्हा झ्यूसचं मन द्विधा होतं. पोराला अलगद उचलून जिवंत मायदेशी नेऊन ठेवावं, की मरू द्यावं? तो हे हेराला बोलून दाखवतो. हेरा ही त्याची बायको आणि सख्खी बहीणही. (ऑलिंपसवर याचं कुणाला काही वाटत नसे.)

आता हेराचं उत्तर नीट पाहा. ‘तुला हे जमणार नाही’ असं ती म्हणतच नाही. तिचं म्हणणं असं, की वाचवायचं तर वाचव, पण बाकीच्या देवांना ते रुचणार नाही. त्यांचीही मुलं या तटाखाली लढत आहेत, उद्या प्रत्येक जण आपापला मुलगा उचलून नेईल. झ्यूस ऐकतो. मुलासाठी आकाशातून रक्ताचे थेंब पाडतो, आणि सार्पेडन मरतो. म्हणून तुमच्या प्रश्नात एक छोटी दुरुस्ती सुचवतो : ‘वाचवता आला नाही’ असं नाही, ‘वाचवला नाही’ असं म्हणा. ताकद होती, मोकळीक नव्हती.

ही मोकळीक का नव्हती, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. बाप क्रोनस याला पदच्युत केल्यावर झ्यूस, पोसायडन आणि हेडीज या तीन भावांनी चिठ्ठ्या टाकून वाटणी केली. झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, हेडीजला पाताळ. पृथ्वी आणि ऑलिंपस सामाईक राहिले. ‘इलियड’च्या पंधराव्या सर्गात झ्यूस पोसायडनला रणांगण सोडण्याचा हुकूम पाठवतो, तेव्हा पोसायडन ही वाटणीच काढून दाखवतो : झ्यूसने आपल्या तिसऱ्या हिश्श्यात खूश राहावं आणि हुकूम सोडायचे तर स्वतःच्या मुलाबाळांवर सोडावेत. शेवटी तो निघून जातो, पण धुसफुसतच. बांधावरून कोर्टात गेलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको.

ही वाटणी फक्त देवांपुरती नव्हती. ग्रीकांचा नियतीसाठीचा शब्द आहे ‘मोइरा’, आणि त्याचा मूळ अर्थ आहे वाटा. पंगतीतला मांसाचा वाटा, तसाच आयुष्याचा वाटा. देवांच्या वाट्याला अमरपण आलं, माणसाच्या वाट्याला मरण. सार्पेडनला वाचवणं म्हणजे फक्त एका पोरावर माया करणं नव्हे, ती झालेल्या वाटणीवर कुरघोडी ठरली असती. पुढे हा वाटाच तीन बहिणींचं रूप घेतो. एक आयुष्याचं सूत कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. आपली सटवाई बाळाच्या कपाळी लेख लिहिते, तशाच या.

इथे बरेच जण विचारतात : मग मोठं कोण, झ्यूस की नियती? याचा एकच निकाल ग्रीकांनी कधी लावला नाही. त्यांच्याकडे सर्वांना बांधणारा एक धर्मग्रंथ नव्हता. हेसिओड हा कवी एकाच काव्यात या तीन बहिणींना एकदा रात्रीच्या मुली म्हणतो आणि एकदा झ्यूसच्या. ‘इलियड’च्या बाविसाव्या सर्गात झ्यूस सोन्याच्या तराजूत ग्रीकांचा अकिलीस आणि ट्रॉयचा हेक्टर यांचं मरण तोलतो. हेक्टरचं पारडं खाली जातं आणि त्याचा पाठीराखा देव अपोलो त्याच क्षणी त्याला सोडून निघून जातो. तराजू झ्यूसच्या हातात असतो, पण पारडं तो दाबत नाही. माझ्या मते झ्यूसचं स्थान याहून नेमकं कुणी दाखवलेलं नाही.

वाटणीचा आणखी एक नियम माणसांना फार महाग पडला : एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाने मोडायचं नाही. इ.स.पू. 428 मध्ये सादर झालेल्या युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’ नाटकात हे उघड बोलून दाखवलं आहे. हिपोलिटस हा शिकारीची देवता आर्टेमिसचा भक्त. प्रेमाची देवता अफ्रोडाइटी हिला तो तुच्छ लेखतो. ती सूड म्हणून त्याची सावत्र आई फेड्रा हिच्या मनात त्याच्याविषयी अभिलाषा पेरते. फेड्रा सज्जन आहे, तिचा काही अपराध नाही, हे अफ्रोडाइटी सुरुवातीलाच सांगून टाकते, आणि तरी तिचा बळी देते. सगळा नाश झाल्यावर आर्टेमिस येते आणि खुलासा करते, की आम्ही एकमेकांच्या आड येत नाही. मग ती भक्ताला न्याय कसा देणार? तर अफ्रोडाइटीचा लाडका एखादा माणूस मी बाणाने मारीन, असं वचन देऊन. म्हणजे भांडण दोन देवींचं आणि मरणार आणखी एक माणूस. हिपोलिटसचा शेवटचा श्वास जवळ येताच ती निघूनही जाते, कारण प्रेत पाहणं देवांना विटाळाचं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. देव मनात शिरतात, तर माणूस जबाबदार कसा? ‘इलियड’च्या सुरुवातीला ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन अकिलीसचा भर सभेत अपमान करतो आणि अकिलीसचा हात तलवारीकडे जातो. तेवढ्यात अथीना मागून येऊन त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. पण ती त्याचा हात धरत नाही. ऐकणार असशील तर ऐक, असं म्हणते. अकिलीस विचार करतो आणि तलवार म्यान करतो. सल्ला देवीचा, निर्णय त्याचा. 2004 सालच्या ‘ट्रॉय’ चित्रपटात देव जवळपास गाळूनच टाकले आहेत आणि तरी अकिलीसचा राग समजायला अडचण येत नाही, ती यामुळेच. होमरच्या जगात एका कृतीला दोन कारणं एकाच वेळी असतात, एक देवाचं आणि एक माणसाचं. एक आलं म्हणून दुसरं रद्द होत नाही.

याचा हिशेब एकोणिसाव्या सर्गात होतो. अकिलीसशी समेट करताना अगामेम्नॉन म्हणतो, की दोष माझा नव्हता, झ्यूसने आणि नियतीने माझी मती फिरवली. आपल्याकडे ‘ग्रह फिरले होते’ म्हणतात, त्याच चालीवर. ही पळवाट वाटते खरी, पण तो तिथेच थांबत नाही. देवांनीच मती हिरावली होती, म्हणून मी भरपाई देतो, असं तो पुढे म्हणतो, आणि देतोही : सात तिवया, सोन्याचे दहा टॅलेंट, वीस कढया, बारा घोडे, सात दासी, शिवाय ज्या ब्रिसेइसवरून भांडण झालं तीसुद्धा. (त्या बायकांना विचारावंसं मात्र कुणाला वाटत नाही.) झ्यूसचं नाव घेतल्याने भरपाईतला एक घोडाही कमी होत नाही.

खुद्द झ्यूसलाही या बहाण्यांचा वैताग होता. ‘ओडिसी’च्या आरंभी तो कुरकुरतो, की माणसं उठसूट आम्हाला दोष देतात आणि स्वतःच्या मूर्खपणाने वाट्यापेक्षा जास्त दुःख ओढवून घेतात. उदाहरण देतो इजिस्थसचं. अगामेम्नॉनला मारू नकोस, त्याच्या बायकोच्या मागे लागू नकोस, असं हर्मीसला पाठवून बजावलं होतं. त्याने दोन्ही केलं आणि अगामेम्नॉनच्या मुलाच्या हातून मेला.

मग अशा देवांची पूजा कशासाठी? याचं उत्तर इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या क्रीससच्या गोष्टीत सापडतं. लिडियाच्या या गर्भश्रीमंत राजाने डेल्फीच्या अपोलोला अमाप सोनं वाहिलं होतं. इराणवर चालून गेलास तर एक मोठं साम्राज्य नष्ट होईल, असा कौल त्याला मिळाला. नष्ट झालं ते त्याचंच. इ.स.पू. सहाव्या शतकात त्याची राजधानी सार्डिस पडली. बंदी झालेल्या क्रीससने आपल्या बेड्या डेल्फीला पाठवल्या आणि विचारलं, कृतघ्नपणा ही ग्रीक देवांची रीतच आहे का? उत्तर आलं : ठरलेल्या वाट्यातून देवाचीही सुटका नाही. हा नाश तुझ्या मुलांच्या काळावर ढकलावा म्हणून अपोलोने नियतीच्या देवींची मनधरणी केली, त्या बधल्या नाहीत. पण तीन वर्षांची मुदतवाढ त्याने मिळवून दिली. ग्रीक भक्ताला देवाकडून मिळे ते साधारण एवढंच. निकाल फिरत नसे, तारीख पुढे जात असे.

सार्पेडनलाही असंच काहीसं मिळालं. झ्यूसच्या सांगण्यावरून अपोलोने त्याचा देह धुतला आणि निद्रा व मृत्यू या जुळ्या भावांनी तो लिसियाला, त्याच्या माणसांकडे पोहोचवला. हा प्रसंग युफ्रोनिओस या अथेन्सच्या चित्रकाराने इ.स.पू. 515 च्या सुमारास एका मोठ्या मद्यकुंभावर रंगवला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने तो कुंभ 1972 मध्ये सुमारे दहा लाख डॉलरना घेतला. तो इटलीतून चोरून नेलेला निघाला, तेव्हा 2008 मध्ये परत पाठवावा लागला. आता तो रोमजवळ चेरवेतेरीच्या संग्रहालयात आहे. त्या बाजूला जाणं झालं तर जरूर पाहा.