शेवया, सुकट आणि धरणाचा मासा



मागच्या उन्हाळ्यात बोरी बुद्रुकला भावाकडे चार दिवस राहिले. रात्री चुलीवर दोन पातेली असायची. एकात सुकटीचं कालवण, मोठ्यांसाठी. दुसऱ्यात पाकिटातल्या नूडल्स, पुतणीसाठी. पोरगी अकरावीत आहे. कॉलेजातल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं. तिच्या वयात ते १२ च्या वर हवं. सुकट का खात नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आत्या, डब्याला वास येतो. मुली नाक धरतात."

हे नाक धरणं आपल्याला नवीन नाही. शहरात खोली बघायला गेल्यावर "मासे-मटण करता का?" हा प्रश्न कशासाठी असतो तेही आपण जाणतो. पण आज्या-पणज्यांनी ज्या सुकटीवर अंगमेहनतीची कामं केली, ती लाजेपायी ताटातून गेली आणि तिच्या जागी मैदा आला, तर नुकसान आपल्याच लेकींचं आहे. मी वहिनींना म्हटलं, दोन पातेली कशाला? एकच करू.

आधी हिशेब बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला याहून जास्त. नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या पाकिटातून मिळतात सहा-सात ग्रॅम, आणि मसाल्याच्या पुडीतून दोन ग्रॅमच्या आसपास मीठ. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यामुळे नूडल्स खाव्यात, पण ती पुडी टाकून द्यावी. त्यात मासा घालावा.

मासा आणि शेवया हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. त्या ब्रह्मदेशात लोक सकाळी न्याहारीला मोहिंगा खातात. तांदळाच्या शेवया आणि त्यावर माशाचा दाटसर रस्सा. मासा नदीचा. रस्सा घट्ट करायला भाजलेल्या हरभऱ्याचं किंवा तांदळाचं पीठ, वासाला गवती चहा, वरून उकडलेलं अंडं आणि लिंबू. यातलं काय आपल्या घरात नाही? गवती चहा तर वहिनींच्या मोरीजवळच वाढलेला होता.

बोरीपासून समुद्र लांब. कल्याणहून माळशेज घाट चढून आलेला रस्ता आळेफाट्याला येतो, तरी ताजी कोळंबी इथल्या हातावरच्या पोटाला रोज परवडत नाही. पण कुकडीवर येडगावचं धरण आहे. कटला, रोहू, मिरगल अशी गोड्या पाण्यातली मासळी मिळते. ताजा मासा कल्ल्यावरून ओळखावा. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं. थाई मांगूर मात्र घेऊ नका. तो पाळायलाच बंदी आहे. समुद्राचा वाटा सुकटीतून येतो. चांगल्या वाळलेल्या सुकटीच्या वजनात निम्म्याच्या आसपास प्रथिनंच असतात, आणि ती सालासकट पोटात जाते म्हणून कॅल्शियमही मिळतं. जून-जुलैत किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा तर डब्यातली सुकटच कामाला येते.

चौघांसाठी लागेल ते असं: काटे काढून ४०० ग्रॅम भरेल इतका मासा (आख्खा असेल तर पाऊण ते एक किलो घ्या), ५० ग्रॅम सुकट, २५० ग्रॅम जाड शेवया, चार चमचे बेसन, चार अंडी, दोन कांदे, लसूण, आलं, हळद, तिखट, गवती चहाच्या तीन-चार काड्या, लिंबू, कोथिंबीर. शेवया घरच्या वाळवणातल्या गव्हाच्या असल्या तर सोन्याहून पिवळं. खिरीच्या बारीक शेवया नकोत, त्यांचा लगदा होतो. विकतच्या साध्या नूडल्स घेतल्या तर पाकिटामागे 'गव्हाचे पीठ' लिहिलंय की 'मैदा' ते वाचा.

सुकट आधी कोरडीच तव्यावर मंद भाजा. मग गरम पाण्यात टाकून हाताने चोळून, पाणी बदलत तीन वेळा धुवा. वाळू तळाला बसते, म्हणून सुकट वरून उचलून घ्यायची, पातेलं उपडं करायचं नाही. अशी भाजून धुतलेली सुकट तो उग्र वास सोडते. पुतणीची अर्धी तक्रार इथेच मिटली.

माशाचे तुकडे हळद, ठेचलेलं आलं आणि गवती चहा घालून दीड लिटर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा. मासा काढून निवू द्या आणि बोटांनी चाचपून काटे काढा. हे काम घाईचं नाही. कटला-रोहूच्या मांसात दुहेरी बारीक काटे असतात, आणि घरात लहान मूल असेल तर दोनदा चाचपा. उकळलेलं पाणी गाळून ठेवा, तोच रस्सा. कढईत दोन पळ्या तेलात कांदा-लसूण लाल करा, तिखट टाका, सुकट परता, मग माशाचं मांस घाला. बेसन कोरडं भाजून, थंड पाण्यात कालवून रश्श्यात सोडा आणि सगळं एकत्र वीस मिनिटं मंद उकळू द्या. अधूनमधून तळापासून हलवा, बेसन लागतं. मीठ शेवटी, चव बघून, कारण सुकटीचं स्वतःचं मीठ असतं. शेवया वेगळ्या पाण्यात उकडून निथळा. ताटलीत शेवया, वर रस्सा, उकडलेलं अंडं, कोथिंबीर, आणि लिंबू भरपूर. लिंबामुळे जेवणातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो.

माझ्या हिशेबाने माशातून ६८, शेवयांतून २७, सुकटीतून २५, अंड्यांतून २४ आणि बेसनातून ९ ग्रॅम. एकूण १५३, म्हणजे माणशी ३८. अंडी वगळली तरी ३२. पण याचा अर्थ सकाळी नुसत्या चहा-बटरवर भागवा असा नाही. शरीर प्रथिनं साठवून ठेवत नाही, ती दिवसभरात विभागून यावी लागतात.

काही सूचना. कोळंबी-सुकटीची ॲलर्जी असेल, अंगावर गांधी उठत असतील किंवा श्वास लागत असेल, तर सुकट वर्ज्य. मूत्रपिंडाचा आजार किंवा संधिवातातलं युरिक ॲसिड वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतकं प्रथिन खाऊ नका. रक्तदाब असलेल्यांनी खारवलेला मासा टाळावा. आणि मासा सुरू केला म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. वर्षावासात जी घरं मांसाहार करत नाहीत, त्यांनी याच रश्श्यात भिजवून पिळलेली सोयाबीन वडी आणि दाण्याचं कूट घालावं. चव वेगळी लागते, पण वाईट नाही.

एक गोष्ट हिशेबात येत नाही. पहिल्या रात्री मी बघितलं, अंडी चार आणि माणसं पाच. वहिनींनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः तळाचा रस्सा घेऊन बसल्या, त्यात मासा शोधावा लागत होता. काही बोलल्या नाहीत, आम्हीही नाही. दुसऱ्या रात्री पुतणीने पाच अंडी उकडली आणि रस्सा ढवळण्याआधीच पाच ताटल्या मांडून मासा वाटून टाकला. वहिनी म्हणाल्या, "अगं, मला कशाला एवढं?" ती म्हणाली, "आई, तुझं हिमोग्लोबिन कोणी तपासलंय का?"

तपासलं नव्हतं. पुढच्या सोमवारी दोघी आरोग्य केंद्रात जाऊन आल्या. वहिनींचं ८.५ निघालं.