वृद्धनिवासातील औषधव्यवस्था : वैद्य व औषधविक्रेते यांची जबाबदारी

30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर निराधार झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाने नळदुर्ग येथे 'आपलं घर' उभे केले. पन्नालाल सुराणा यांचे नाव या कार्याशी जोडलेले आहे. निवासी संगोपन म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याने त्या निमित्ताने जवळून पाहिले. मात्र मुलांच्या निवासात मूल वाढते, शिकते व एक दिवस बाहेर पडते. वृद्धनिवासात याच्या उलट घडते. तेथे परावलंबन दिवसेंदिवस वाढत जाते आणि औषधांची संख्याही. ऊसतोडीसाठी दरवर्षी बाहेर पडणारी कुटुंबे व पुण्या-मुंबईकडे गेलेले तरुण यांमुळे मागे एकट्या राहणाऱ्या वृद्धांचा प्रश्न धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा 2007 साली झाला. त्याच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद असून, वैद्यकीय सेवेसह तेथील सेवांचा दर्जा ठरविण्याचा अधिकार राज्य शासनास दिलेला आहे. कायदा इमारतीपर्यंत नेतो. सकाळी आठ वाजता कोणाच्या हातावर कोणती गोळी ठेवली जाते, हे मात्र कायदा पाहू शकत नाही.

तेथे प्रश्न येतो परिचारकाचा. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादात उपस्थात्याला स्वतंत्र स्थान दिले व उपचारज्ञता, दक्षता, अनुराग आणि शौच हे त्याचे चार गुण सांगितले. त्यांत उपचारज्ञता प्रथम आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष जात नाही. वृद्धनिवासातील सेविका बहुधा प्रेमळ असते, कष्टाळूही असते. परंतु तिला उपचाराचे ज्ञान कोणी द्यायचे? औषध लिहून देणाऱ्यानेच द्यायचे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अभ्यासासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. 74 वर्षांच्या एका आजींना हृद्‌रोगासाठी फ्युरोसेमाइड व डिगॉक्सिन चालू आहे. खोकल्यासाठी वैद्य यष्टीमधु चूर्ण देतात; ते पंधरा दिवसांऐवजी तीन महिने चालू राहते, कारण बंद करा असे कोणी सांगितलेले नसते. मलावरोधाची तक्रार असल्याने सेविका रोज रात्री सनायचे चूर्ण देते. आता पाहा : मूत्रल औषधाने शरीरातील पोटॅशियम मूत्रावाटे जाते, यष्टीमधूतील ग्लिसिऱ्हायझिनमुळे सोडियम व पाणी साठते आणि पोटॅशियम अधिकच घटते, नित्य विरेचनाने ते मलावाटेही जाते. पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनची विषाक्तता वाढते. आजींची भूक मरते, मळमळ सुरू होते. हे अग्निमांद्य समजून त्यांना लवणभास्कर चूर्ण दिले जाते, म्हणजे मिठाची भर पडते व पायांवरची सूज वाढते. नाडी अनियमित होईपर्यंत कोणाच्याच लक्षात काही येत नाही. यातील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर समजण्यासारखा आहे. सर्व औषधे एका कागदावर लिहिलेली असती, तर कोणत्याही सावध वैद्यास धोका दिसला असता.

म्हणून प्रत्येक निवासीचा एकच औषधतक्ता असावा. त्यात सर्व पॅथींची औषधे, मात्रा, काल व विशेषतः बंद करण्याची तारीख असावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी हानी टाळण्याची जागतिक मोहीम हाती घेतली, तिच्यातही अनेक औषधे एकाच वेळी घेणारा रुग्ण हा चिंतेचा विषय आहे.

रसौषधींबाबत अधिक कठोर राहावे लागेल. ताप आला की त्रिभुवनकीर्ती, ही आपल्याकडची जुनी सवय. त्यात हिंगुळ व वत्सनाभ आहेत. वत्सनाभ शुद्ध केलेला असला तरी हृदयाच्या गतीवर परिणाम करणारे ते द्रव्य आहे. अनुसूची ई(1) मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते, ती याचसाठी. अशी औषधे निवासाच्या प्रथमोपचार पेटीत ठेवू नयेत आणि विक्रेत्यांनीही सेविकेच्या तोंडी मागणीवर देऊ नयेत. आसवारिष्टांविषयीही विचारणा करावी : त्यांत गूळ किंवा साखर असते व स्वयंजनित मद्यांशही असतो. मधुमेही निवासींच्या बाबतीत हे विसरून चालणार नाही.

अभ्यंग हा वार्धक्यातील वातप्रकोपावर उत्तम उपाय, यात शंका नाही. पण पायाला तेल लावून वृद्धास गुळगुळीत फरशीवरून स्नानगृहाकडे चालविणे म्हणजे अस्थिभग्नास निमंत्रण. शक्यतो अभ्यंग व स्नान एकाच ठिकाणी, बैठकीवर व्हावे. तळपायाचे तेल पुसल्याशिवाय उभे करू नये. इसबगोल देतानाही अशीच दक्षता हवी. ते भरपूर पाण्यासह, बसवून द्यावे. गिळण्यास त्रास असणाऱ्यास देऊच नये, कारण ते घशात फुगून अडकते.

औषधविक्रेत्यांसाठी दोन गोष्टी. कोऱ्या कागदाच्या पुड्या वृद्धनिवासास देऊ नयेत. प्रत्येक पुडीवर निवासीचे नाव, औषध, काल व तारीख मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहावी. दुसरी गोष्ट दानाची. वाढदिवस किंवा श्राद्धाच्या निमित्ताने घरात उरलेली औषधे वृद्धाश्रमात आणून देणारे सज्जन असतात. त्यांतील चूर्णे कधीची व कशी साठवलेली, हे कोणास ठाऊक? शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी हीन होते असे म्हटले आहे. अशी औषधे व्यवस्थापकाने नम्रपणे नाकारावीत, व त्याला तसे सांगण्याचे बळ वैद्याने द्यावे.

औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तर तो आयुष औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळवावा. 2018 पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. अशी नोंद कळविल्याने आपल्या शास्त्राची अप्रतिष्ठा होते, ही भीती अनाठायी आहे. अपाय सिद्ध झालेला असण्याची गरज नाही; रुग्णाचे वय, घेतलेली सर्व औषधे, निर्मात्याचे नाव, बॅच क्रमांक व लक्षण कधी सुरू झाले एवढी माहिती हाताशी ठेवावी. त्यासाठी औषध संपले तरी मूळ बाटली किंवा डबी लगेच टाकून देऊ नये, हे सेविकेस आधीच सांगून ठेवावे.