नाकाच्या शेंड्यासाठी बरगडी: बिलात काय काय येतं?

नाकाचा शेंडा उचलायचा किंवा रेखीव करायचा तर आतून आधाराला कूर्चा लागते. पहिल्याच शस्त्रक्रियेत ती बहुतेकदा नाकाच्या मधल्या पडद्यातून मिळते, कमी पडली तर कानातून. पडदा आधीच वापरला गेला असेल, मार लागून नाक बसलं असेल किंवा कूर्चा जन्मतःच फार कमकुवत असेल, तर बरगडीची पाळी येते. म्हणून सर्जनला आधी विचारा, ‘माझा पडदा का पुरणार नाही?’ उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या सर्जनकडे जा. तपासणीची ती फी वाया जात नाही.

बरगडी घ्यायची म्हणजे छातीवर काही सेंटीमीटरचा वेगळा छेद, पूर्ण भूल, थिएटरचे जादा तास आणि बहुधा एका रात्रीचा मुक्काम. मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयांत दोन लाखांच्या पुढचा आकडा ऐकायची तयारी ठेवा. वयानुसार कूर्चेत चुना साठतो, त्यामुळे काहींना सीटी स्कॅन करावं लागतं. त्याचे पैसे पॅकेजमध्ये धरलेत का ते पाहा. केईएम, सायन, ससून या सार्वजनिक रुग्णालयांतही प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. तिथे खर्च बराच कमी येतो, पण थांबावं लागतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती करात. शस्त्रक्रिया निव्वळ रूपासाठी असेल तर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे अडीच लाखांवर 45,000 रुपये. जन्मजात दोष, वाढीतली विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना दुरुस्त करायची असेल, तर हा कर माफ आहे. तसं असेल तर केसपेपरवर कारण स्पष्ट लिहून घ्या. विमाही सौंदर्यासाठी मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मिळू शकतो, पण पूर्वमंजुरी घेऊनच दाखल व्हा.

स्वस्त म्हणून सिलिकॉन सुचवलं गेलं तर शेंड्यासाठी मी नकोच म्हणेन. तिथल्या त्वचेवर सतत ताण येऊन ते बाहेर येऊ शकतं.

बरगडीची कोरलेली कूर्चा पुढे वाकू शकते, हे गिब्सन आणि डेव्हिस यांनी 1958 मध्येच मांडलं होतं. तसं झालं तर दुरुस्तीची फी, भूल आणि थिएटर यांचा खर्च कोण करणार, हे लेखी घ्या. ‘सहा महिन्यांत दुरुस्ती मोफत’ या आश्वासनावर विसंबू नका. शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं आणि त्याआधी सहसा कुणी हात लावत नाही. मुदत किमान दीड वर्षाची मागा.