पट्ट्यांमधून पुंगी कशी वाजते?

भिवंडीत लग्नसराईच्या दिवसांत यंत्रमागांच्या खडखडाटातून वाट काढीत वरात निघते. थोड्याच वेळात बँडमधला कीबोर्डवाला नागाची धून सुरू करतो आणि कोणीतरी दातांत रुमाल धरून डोलू लागतो. जणू गारुड्याची पुंगीच! पण शाळेच्या कीबोर्डवर पियानोच्या आवाजात तेच स्वर अचूक वाजवा. धून ओळखू येईल, पण पुंगी काही ऐकू येणार नाही. असे का व्हावे?

गंमत अशी, की १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटात ही धून पुंगीवर वाजलेलीच नाही. संगीतकार होते हेमंतकुमार. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती 'क्लॅव्हिओलिन' नावाच्या वाद्यावर वाजविली. हार्मोनियमची साथ रवी यांची होती. हे विजेवर चालणारे वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केले. म्हणजे वरातीत आपण ऐकतो ती नकलेची नक्कल!

आवाजाची ओळख

समजा, 'सा' ची कंप्रता सेकंदाला २४० आहे. वाद्यातून केवळ २४० कंपनेच निघत नाहीत. तिच्या पटीतले ४८०, ७२०, ९६० असे उपस्वरही सोबत निघतात. कोणता उपस्वर किती जोरात आहे, यावर आवाजाचा गुण ठरतो. म्हणून एकच 'सा' बासरीवर वेगळा आणि पेटीवर वेगळा लागतो.

पुंगीत बोरूची जिभली थरथरते आणि सरळ नळीतली हवा कंप पावते. जिभलीकडचे टोक बंद असल्यासारखे वागते. अशा नळीत विषम पटींचे उपस्वर प्रबळ असतात. क्लॅव्हिओलिनमध्ये जिभली नाही, नळीही नाही. तेथे व्हॉल्व्हचा आंदोलक जवळजवळ चौकोनी आकाराचा विद्युत् तरंग निर्माण करतो. शुद्ध चौकोनी तरंगात फक्त विषम पटीच असतात: २४०, ७२०, १२००, १६८०. त्यांचे मोठेपण अनुक्रमे १, १/३, १/५, १/७ असे घटत जाते. साधने निराळी, पण उपस्वरांची मांडणी सारखी. म्हणून कान फसतो.

करून पाहा

१. कीबोर्डवर 'स्क्वेअर' नावाचा आवाज असेल तर तो निवडा. नसेल तर क्लॅरिनेट घ्या. त्यातही जिभली आणि सरळ नळी असते.

२. एका वेळी एकच पट्टी दाबा. क्लॅव्हिओलिनवरही एका वेळी एकच स्वर वाजे. पुढची पट्टी दाबेपर्यंत मागची सोडू नका. गारुडी गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे त्याचा सूर तुटत नाही.

३. कंपाची कळ, म्हणजे 'व्हायब्रेटो', चालू करा. स्वर सेकंदाला पाच-सहा वेळा किंचित वरखाली झाला पाहिजे.

४. स्वर वाकविण्याचे चाक असेल तर ते हळूच फिरवून एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जा.

५. पुंगीला दोन नळ्या असतात. एकीवर धून आणि दुसरीवर अखंड आधारस्वर. मित्राला पेटीवर 'सा' धरून ठेवायला सांगा.

आता खरी परीक्षा. वर्गमित्रांना पाठ करून बसवा. पाचही गोष्टी जमवून धून वाजवा. नंतर दर वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. कधी कंप बंद करा, कधी पट्ट्या तोडून वाजवा, कधी बासरीचा आवाज घ्या. प्रत्येक वेळी "ही पुंगी वाटते का?" असे विचारून उत्तरे वहीत नोंदवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला, ते कळणार नाही.

कोणती गोष्ट काढल्यावर सर्वांत जास्त मित्रांना पुंगी हरवल्यासारखी वाटली? प्रयोगापूर्वी तुमचा अंदाज लिहून ठेवा आणि मग नोंदींशी ताडून पाहा. पुढच्या वरातीत तुमचे पाय डोलतीलच, पण कानही कामाला लागलेले असतील.