माशांची हजेरी

पहिला जोराचा पाऊस पडला की कोकणात ओढ्यांना लोंढा येतो. त्या लोंढ्याला उलटे तोंड करून मासे वर चढतात, भातखाचरांत शिरतात. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. कुठे वलगणीचे मासे असेही म्हणतात. रात्री बत्ती आणि कोयता घेऊन माणसे निघतात. आम्हीही लहानपणी गेलो आहो, खोटे कशाला बोला? मासा चिरला की पोटात अंडीच अंडी. त्या वेळी आम्हाला त्याचा आनंदच वाटे. मासा वर का चढत होता, हे कुणी विचारले नाही.

आज असाच चढणारा एक परदेशी मासा पाहू. त्याचे नाव सॅमन. आपल्याकडे रावसाला कुणी कुणी 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो मासा वेगळा. हा थंड मुलखातला. अमेरिकेच्या अगदी वायव्य टोकाला अलास्का नावाचे राज्य आहे. तिथे ब्रिस्टल बे नावाचा उपसागर आहे. त्यात मिळणाऱ्या नद्यांमध्ये दर उन्हाळ्यात, जून-जुलैत, सॅमन माशांच्या झुंडी शिरतात. त्यांतल्या मुख्य जातीला सॉकाय म्हणतात.

सॉकायची मादी नदीतळाच्या खडीत खड्डा करून तीन-चार हजार अंडी घालते. पिल्ले एक-दोन वर्षे गोड्या पाण्याच्या तळ्यात वाढतात, मग समुद्रात जातात. दोन-तीन वर्षे समुद्रात खाऊन-पिऊन दोन-तीन किलोंची झाली की परत फिरतात. आपल्याच नदीचे पाणी ती वासाने ओळखतात! नदीत शिरल्यावर मासा काही खात नाही. अंग लाल होते, डोके हिरवट होते. अंडी घातली की नर आणि मादी दोघेही मरतात. म्हणजे जन्मात एकदाच पेरणी. ती चुकली की त्या माशाचा वंश बुडाला.

आता प्रश्न असा. मासे नदीच्या तोंडाशी आले. कोळी जाळी घेऊन उभे आहेत. किती धरायचे आणि किती वर सोडायचे?

पूर्वी हा हिशेब नीट होत नव्हता. डबे भरणाऱ्या कारखानदारांनी अलास्काच्या किनाऱ्यावर जागोजाग मोठे सापळे मांडले होते. सापळा रात्रंदिवस मासे कोंडी. 1930 नंतरच्या काही वर्षांत एका हंगामात दहा कोटींवर मासे निघाले. पुढे ओहोटी लागली. 1953 साली सरकारला तिथल्या मासेमारीवर आपत्ती जाहीर करावी लागली. 1959 साली सगळ्या अलास्कात जेमतेम अडीच कोटी मासे मिळाले. त्याच वर्षी अलास्का स्वतंत्र राज्य झाले, आणि ते सापळे बंद झाले. ज्यांची लहान होडी होती त्यांनी हे मागितलेच होते.

मग हजेरी सुरू झाली. शाळेत आम्ही चाळीस वर्षे हजेरी घेतली, पण पोरे निदान 'हजर' म्हणत. मासा काय म्हणणार?

क्विजॅक ही तिथली एक मोठी नदी. पाणी इतके नितळ की तळ दिसतो. दोन्ही काठांवर उंच माचा बांधतात, शेतात राखणीला बांधतो तशा. जोराच्या धारेतून चढताना मासा दमतो, म्हणून तो काठाकाठाने जातो. माचेवरचा माणूस दर तासाला दहा मिनिटे एका काठाचे मासे मोजतो, मग दहा मिनिटे दुसऱ्या काठाचे. रात्री दिवा लावून मोजतात. तासात दहा-दहा मिनिटांचे सहा भाग. म्हणून आकड्याला सहाने गुणायचे. समजा, दहा मिनिटांत एका काठाने 400 मासे गेले. तर तासाला 2,400 झाले. इतकेच गणित! आमच्या चौथीच्या पोरालाही यावे. ही रीत 1950 नंतरच्या काळात बसली आणि आजही चालते. जिथे पाणी गढूळ आहे, तिथे पाण्यात आवाजाची लाट सोडतात. ती माशावर आपटून परत येते, त्यावरून मोजतात.

माशाचे वयही काढतात. खवल्यावर बारीक वळी असतात, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. त्यावरून मासा तळ्यात किती वर्षे होता आणि समुद्रात किती, ते कळते.

पण माचेवर मासा दिसेपर्यंत तो जाळ्यांच्या टापूतून काही दिवस आधीच निघून गेलेला असतो. उशिरा कळून काय उपयोग? म्हणून पोर्ट मोलर या ठिकाणाहून होड्या समुद्रात जातात आणि ठरलेल्या रेषेवर चाचणीची जाळी टाकतात. साधारण आठवडाभर आधी अंदाज येतो.

क्विजॅक नदीसाठी ठरले आहे की 20 लाखांपासून 1 कोटीपर्यंत मासे वर गेले पाहिजेत. कमी गेले तर बियाणे कमी, हे कुणालाही समजते. पण जास्त का नकोत? वाफ्यात बी दाट पडले तर रोपे कशी पिवळी पडतात? तसेच. तळ्यातला चारा तेवढाच, आणि खाणारी पिल्ले फार.

खात्याचा अधिकारी रोज आकडे पाहतो आणि मासेमारी उघडतो किंवा बंद करतो. कधी काही तासच उघडतो. ऐन हंगाम चार-सहा आठवड्यांचा. डोळ्यांसमोर मासे उड्या मारत आहेत, होडीचे कर्ज डोक्यावर आहे, आणि जाळे कोरडे! कोळी चिडतात. आम्हाला विचाराल तर त्यांचे चिडणे खोटे नाही. तरी ते थांबतात, कारण आकडा सगळ्यांना ऐकवला जातो. आकडा लपवला असता तर कोण थांबले असते? 2022 साली ब्रिस्टल बेत सुमारे 7 कोटी 90 लाख सॉकाय आले. त्यांतले सुमारे 6 कोटी धरले, आणि तरी बियाण्यापुरते वर गेले.

सगळीकडे असे झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच अलास्कात युकॉन ही लांबलचक नदी आहे. ती कॅनडात उगम पावते. तिच्यात चिनूक जातीचे मोठे सॅमन येत. काठची आदिवासी माणसे ते सुकवून हिवाळाभर खात. ती विकण्यासाठी नव्हे, घरासाठी धरत. तिथेही मासे मोजतात, पण चिनूक घटतच गेले. नदीचे आणि समुद्राचे पाणी तापले, हे एक कारण, इतरही आहेत. मोजणीने घट दाखवली, भरून काढली नाही. शेवटी एप्रिल 2024 मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी ठरवले की सात वर्षे युकॉनचे चिनूक धरायचे नाहीत. सात वर्षे म्हणजे त्या माशाची एक पिढी. कॅनडात निदान 71,000 चिनूक पोहोचावेत, असा आकडा समोर ठेवला आहे.

काठच्या घरांत मासे सुकवायच्या काठ्या रिकाम्या आहेत. आजोबा नातवाला मासा चिरायला शिकवत, तो नातू सात वर्षांत मोठा होईल. सरहद्दीजवळ माणसे यंत्रापाशी बसून येणारे मासे मोजत आहेत.