तारेचें टोंक

निलंगा तालुक्यांत तेरणा व मांजरा यांच्या कांठच्या मळ्यांतून पूर्वीं मोटेच्या चाकाची कुरकुर ऐकूं येई. आतां तेथें विजेचे पंप चालतात. पंप बंद पडला म्हणजे दोष मोटारीस लावण्यांत येतो. परंतु वीज तोडून स्टार्टरचें झाकण उघडलें तर पुष्कळदां खरा अपराधी निराळाच सांपडतो : पेचाखालीं करपून काळें पडलेलें तारेचें टोंक.

तांब्याची लवचीक तार ही अंबाडीच्या दोरीसारखी अनेक तंतूंची असते. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या एका प्रकारच्या तारेंत ०.३ मिलिमीटर जाडीचे २२ तंतू असतात. वरचें वेष्टण दांतांनीं किंवा विळ्यानें सोलण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्यांत सहा तंतू तुटले तर चौथ्या हिश्श्याहून अधिक तांबें गेलें. आणि एखादा तंतू बाहेर राहून शेजारच्या पेचास लागला तर ठिणगी ठरलेलीच.

आतां थोडें गणित करूं. पांच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार पूर्ण भारावर सुमारें ७.५ अँपियर प्रवाह घेते. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम झाला असें समजा. प्रवाहाच्या वर्गास रोधानें गुणिलें असतां ७.५ × ७.५ × ०.५ म्हणजे सुमारें २८ वॅट उष्णता निघते. डाख देण्याची २५ वॅटची कांडी शिसें-कथिलाचें मिश्रण सहज वितळविते. तेवढीच धग येथें वाटाण्याएवढ्या जागेंत तासन् तास राहते! तापलेल्या तांब्यावर काळा थर चढतो, त्यानें रोध वाढतो, रोधानें उष्णता आणखी वाढते. शेवटीं ती फेज तुटते, मोटार उरलेल्या दोहोंवर ओढ घेते, आणि संरक्षक रिले निकामी असेल तर आंतील गुंडाळी जळते. उभ्या उसाला पाणी हवें असतांना मोटार गुंडाळावयास पाठवावी लागणें म्हणजे काय, हें आमच्या पालकांस सांगावयास नको.

टोंकास डाख देऊन तें पेचाखालीं दाबावें, असें कांहीं चांगले कारागीरही मानतात. दिसावयास तें सुबक दिसतें खरें. पण डाख मऊ असल्यामुळें दाबाखालीं हळूहळू सरकतो व पेच आपोआप सैल होतो. शिवाय डाख जेथें संपतो तेथेंच मोटारीच्या थरथरीनें तंतू मोडतात.

उत्तम उपाय लगचा. तारेच्या जाडीचाच लग घ्यावा. मोठ्या लगांत तार दुमडून कोंबूं नये. सोलण्याच्या पकडीनें वेष्टण काढून सर्व तंतू आंत सारावे व दाबयंत्रानें लग दाबावा. दाब योग्य बसला म्हणजे तंतू व लग यांचा जणूं एकच भरीव तुकडा होतो. हातोडीच्या ठोक्यानें तसें होत नाहीं. मग लग हातानें जोरानें ओढून पाहावा. निसटला तर तो कापून टाकून नवा बसवावा. अॅल्युमिनियमची तार तांब्याच्या पट्टीस जोडावयाची असेल तर द्विधातूचा लग हवा, कारण या दोन धातूंच्या सांध्यांत ओल शिरली कीं गंज धरतो.

विद्यार्थ्यांनीं हा अभ्यास वीज नसलेल्या सुट्या तुकड्यांवरच करावा. विहिरीवरील काम परवानाधारक वायरमनचें. मात्र तो लग दाबतो कीं नुसते तंतू पिळून पेचाखालीं घालतो, हें दुरून पाहण्यास कोणाची हरकत नाहीं.